बाकाच्या पुढे

सासूबाईंचा उजवा हात गेला आणि त्या लेकीच्या घरी राहायला आल्या. उभा जन्म त्यांनी कपडे शिवले होते. स्वतःचं दुकान, स्वतःचं मशीन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका सकाळी हातातली कात्री गळून पडली ती पडलीच. बोलणं काही दिवसांत सुधारलं, पण हात लोंबतच राहिला आणि पाय ओढत टाकावा लागायचा.

फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम शिकवले. मऊ चेंडू मुठीत दाबायचा, हात भिंतीवरून वर चढवत न्यायचा, चालायचं. "रोज म्हणजे रोज हं, आजी," असं बजावून त्या गेल्या.

सुरुवातीला सासूबाई जुनं वैर असल्यासारख्या चेंडूच्या मागे लागल्या. बोटं मात्र ढिम्म. मग चेंडू कॉटखाली गेला आणि सगळं 'उद्यापासून'वर आलं.

लेक नर्स होती. दिवसभर दुसऱ्यांच्या आयांना गोडीगुलाबीनं चालवायची आणि घरी येऊन स्वतःच्या आईवर चिडायची. आई रडायची, मग लेकही रडायची. जावई बेकरीत कामाला. पहाटे भट्टीवर जायचा, दुपारी येऊन आडवा व्हायचा. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यालाही चालायला सांगितलं होतं. त्यासाठी आणलेले बूट अजून खोक्यातच होते.

"एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!" लेक एकदा वैतागून म्हणाली. "आता तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा. मी ड्युटीवरून येईपर्यंत फिरून आलेलं पाहिजे मला."

दोघं निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे औषधांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या अलीकडे एक बाक होतं.

"जावईबापू, जरा टेकू या का?"

"टेकू या की, आई."

टेकले ते अंधार पडेपर्यंत. मग रोजचं तेच झालं. घरी लेक विचारायची, "कुठवर गेलात?" सासूबाई सुस्कारा टाकून म्हणायच्या, "बरंच लांब गं. पायाचे तुकडे पडले." जावई खाली मान घालून हसू दाबायचा. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली होती. इतकं निवांत त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं, त्यामुळे बाकावरून उठायचं त्याच्याही जिवावर यायचं.

एका संध्याकाळी बोलता बोलता तो मध्येच थांबला. कपाळावर घाम आला होता. "आई, डोळ्यांपुढे अंधारी येतेय," म्हणाला आणि बाकावर कलंडला.

सासूबाईंनी हाका मारल्या. गाड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? समोरच दुकान, मध्ये फक्त रस्ता. डाव्या हातानं बाकाला धरून त्या उठल्या. पाय उचलेना, तो फरफटत त्या रस्त्यात उतरल्या. एका स्कूटरवाल्यानं करकचून ब्रेक दाबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. काउंटरवर आपटल्यासारखा हात टेकवून त्या एवढंच म्हणाल्या, "माझा मुलगा... तिकडे..."

जावयाच्या साखरेच्या गोळ्या त्याच दुकानातून यायच्या; दुकानदार ग्लासात साखर ढवळतच धावला. थोड्या वेळानं जावयानं डोळे उघडले. सकाळची गोळी घेतली होती, पण आधी कामाच्या गडबडीत आणि मग झोपेत जेवण राहूनच गेलं होतं.

त्या दिवशी बाकाची सगळी हकिकत लेकीला कळली. ती दोघांच्या मध्ये येऊन बसली आणि दोघांचे हात धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई काठी घेऊन दारात उभ्या. "उठा, जावईबापू. आणि आधी काहीतरी खा. काल तो रस्ता मला संपेना हो. मी पोचेपर्यंत तुम्ही हातचे जाताय असं वाटलं."

त्यानं खोक्यातून बूट काढले. त्या दिवशी बाकाशी आल्यावर दोघांनी उधारी थकलेल्या माणसासारखी मान फिरवली आणि पुढे गेले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कधी ताप आला, कधी नुसता कंटाळा. दोन-तीन दिवस खाडा पडला की जावई म्हणायचा, "गेलं सगळं पाण्यात." सासूबाई म्हणायच्या, "एक टाका सुटला म्हणून कुणी कापड फेकून देतं का? पुढचा घाला."

चेंडूचा मात्र त्यांना मनापासून राग होता. म्हणून जावई बेकरीतून मळलेल्या पिठाचा गोळा आणू लागला. तो कोमट, मऊ गोळा त्या टेबलाशी बसून दाबत राहायच्या. एकदा त्यांनी हात उचलला तर गोळ्यावर चार बोटं उमटली होती. अंगठ्याची जागा जेमतेम दबली होती. दोघं कितीतरी वेळ त्या गोळ्याकडे बघत बसले. सुई काही पुन्हा त्या हातात आली नाही, पण चहाचा कप दोन्ही हातांत धरता येऊ लागला.

एका संध्याकाळी बाहेर पाऊस कोसळत होता. लेक ड्युटीवरून निथळत घरी आली. खुर्च्या भिंतीशी सरकवलेल्या होत्या. जेवणाच्या टेबलाभोवती आई काठी टेकत चालली होती आणि तिच्यामागे, तिच्याच चालीनं, नवरा.

"चक्कर येईल दोघांना," लेक म्हणाली.

"मग दिशा बदलू," आई म्हणाली आणि सावकाश उलटी वळली.

लेकीनं पर्स खाली ठेवली, ओल्या चपला काढल्या आणि ती नवऱ्याच्या मागे चालू लागली.