खळीची वाटी

आमच्या घरातला उंदीर आणि आमचे हे, दोघेही रोज सकाळी विठ्ठलाच्या देवळात जात. हे पायी आणि तो यांच्या हातातल्या पिंजऱ्यातून. येताना हे भाजी घेऊन येत आणि उंदीर तिथंच राहतो, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

हे म्हणजे निवृत्ती, म्हैसूरमधले जुने शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे आमचं घर. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे जीव मारायचा नाही. विषाची गोळी नको, चिकट पुठ्ठाही नको. खोबऱ्याचा तुकडा लावून उंदीर पकडायचा आणि मागच्या गल्लीतल्या देवळाशेजारी सोडायचा. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात पुन्हा उंदीर. "बघ कमळा, संपत आले," असं म्हणून हे मिशीत हसत.

माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. स्पंदना, आमची एकुलती एक लेक, पहिलटकरीण. बाळंतपणाला माहेरी यायची म्हणून तिच्या सासूबाई बोगादीहून खोली बघायला आल्या. मी कौतुकानं नवी चादर दाखवायला उशी उचलली, तर खाली उंदराच्या लेंड्या! त्यात आदल्याच दिवशी वॉशिंग मशीनची वायर कुरतडलेली. विहीणबाईंनी निऱ्या उचलून धरल्या.

"बेडा हं, नकोच, कमलाक्षीबाई. रागवू नका मत्ते. उंदराच्या मुतातून इलि-ज्वर येतो. आमच्या शेजारचा माणूस आयसीयूत होता, नोडी, बघा. बाळंतपण बोगादीलाच करूया."

राग आला, चांगलाच आला. पण बाई खोटं काय बोलल्या होत्या? ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या जिवाला अशा खोलीत मीही निजवलं नसतं. लेक पहिल्या खेपेला माहेरी येणार नाही, या विचारानं घास गोड लागेना.

त्यात मला एक शंका आली. हे रोजचे उंदीर एकाच तोंडवळ्याचे कसे? मग कापडावर खुणा करायची निळी शाई काडीला लावली आणि पिंजऱ्यातल्या उंदराच्या शेपटीला फासली. हे त्याला नेहमीप्रमाणे देवळाशी सोडून आले. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात तीच निळी शेपटी! हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी हसता हसता खालीच बसले.

"अय्यो, सुम्ने, गप बस," हे ओशाळून म्हणाले. "त्याला आपल्या घराची ओढ असेल."

"माझ्या लेकीला नाही का ओढ?" मी विचारलं.

एवढी ओढ कशाची, ते शोधायला आम्ही दुकान उपसलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शिलाई मशीनखाली मैद्याच्या खळीची वाटी होती. बाकीचे शिंपी कॉलर ताठ राहायला तयार, इस्त्रीनं चिकटणारं फ्यूजिंग लावतात. आमच्या ह्यांना ते पटत नाही. "माझी कॉलर मान खाली घालत नाही," हा यांचा तोरा, आणि तो या खळीच्या जोरावर. रात्रभर वाटी उघडीच राहायची.

वाटीमागं चिंध्यांचं पोतं होतं. ते ओढलं आणि आतून दुपटं निघालं. स्पंदनाच्या लहानपणच्या फ्रॉकांचे तुकडे जोडून यांनी नातवंडासाठी गुपचूप शिवलेलं. तुकडे हलू नयेत, रेघ सरळ यावी म्हणून प्रत्येकाच्या कडेला आधी खळ लावलेली. उंदरानं नेमक्या त्याच कडा खाल्ल्या होत्या. दुपट्याला मुताचा भपकारा येत होता.

हे ते मांडीवर घेऊन बसले. फार वाईट वाटलं मला त्यांचं.

मग हे उठले आणि खळीची वाटी स्वतः घासून पालथी घातली. फ्यूजिंग आणलं. चिंध्या बाहेर गेल्या, मोरीच्या पाइपाशेजारचं भोक जाळी आणि सिमेंटनं बुजलं, नवी वायर बसली. नर्स असलेली माझी भाची सिंधू फोनवरून दम देत होती: लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं भिजवा, हातमोजे घाला, तोंड बांधा. तसंच केलं. निळ्या शेपटीला स्कूटरवरून गावाबाहेर, हिनकलच्याही पुढं, मोकळ्या माळावर सोडलं. जाताना यांनी त्याला खोबरं दिलं, ते मी न पाहिल्यासारखं केलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हे दारात आणि मोरीपाशी शिंप्याच्या खडूची भुकटी पसरत. सकाळी आम्ही दोघं वाकून पावलं शोधत असू. एकही नसे. खात्री पटली तेव्हा मी विहीणबाईंना बोलावलं. त्यांनी उशा उचलल्या, पलंगाखाली टॉर्च मारला, मोरीत डोकावून पाहिलं.

"आय्तु, झालं तर," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी पाठवते."

शुक्रवारी स्पंदना आली, पोट सांभाळत पलंगावर टेकली. उशाशी नवं दुपटं होतं, उरल्यासुरल्या फ्रॉकांचं, नुसत्या दोऱ्यानं शिवलेलं. तिनं त्यावरून हात फिरवला.

"अप्पा, हा पिवळा तुकडा वाकडा लागलाय."

एक टाका तिरका गेला तर अख्खा सदरा उसवणारा हा माणूस. मला वाटलं, आता कात्री घेणार.

"असू दे," हे म्हणाले. "बाळाला कुठं कळतंय?"

तो वाकडा तुकडा आता मी कुणाला उसवू देणार नाही.