भक्तीने धाडलेला मास्क

"लवू, मेल्या, उलटी करूची तर भायर जा! होडयेत नको!" शेडचे मालक भाई दारातूनच ओरडले.

लवूने तोंडावरचा मास्क ओरबाडला आणि बाहेर जाऊन माडाच्या बुंध्याशी वाकला. सर्जेकोटच्या खाडीकाठी फायबरच्या होड्यांना उग्र वासाचं रेझीन लावण्यात त्याचा जन्म गेला. आजवर तोंडाला पंचा बांधून भागलं होतं. आणि आता, दोन्ही गालांवर फिल्टरचे डबे असलेला हा महागाचा मास्क आल्यापासून डोकं ठणकायचं, पोट ढवळायचं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच!

"झेपत नाय तर सांग बाबा," भाई जवळ येऊन म्हणाले. "पावसाआधी काम संपवचा आसा. नायतर दुसरो माणूस बगतंय."

मास्क काढून फेकला असता तर प्रश्न मिटला असता. पण तो लेकीने, भक्तीने, गोव्यात रंगाच्या कारखान्यात मिळालेल्या पहिल्या पगारातून धाडलेला. तिचं मन कोण मोडणार? शिवाय बायको, रुक्मिणी, रोज संध्याकाळी त्याच्या हातातून तो घ्यायची, मऊ फडक्याने पुसायची आणि दागिन्यासारखा पेटीत ठेवायची.

शिमग्याला भक्ती घरी आली. बापाचं उतरलेलं तोंड बघून आणि मास्क घातला की डोकं ठणकतं हे ऐकून तिने आधी मास्कच मागितला. रुक्मिणीने कौतुकाने पेटी उघडली आणि शालूखालचा मास्क काढून दिला. भक्तीने तो तोंडाला लावला मात्र, लगेच खाली केला.

"आये, पेटयेत डांबरगोळयो घातलंस?"

"व्हय तर! तुझ्या मास्काक झुरळां लागाची नाय, म्हणान मूठभर जास्तीच घातलंय."

"बाबा, तुमका वास येय नाय?"

"माझा नाक रेझीनान कधीच मारल्यान गो. बांगडो करपलो तरी माका कळणा नाय."

भक्तीने कपाळावर हात मारला. "ह्या डब्यांत कोळसो असता. मिळात तो वास तो ओढून घेता. रातभर गोळयांचो वास घेता आणि दिसभर तुमच्या छातीत सोडता. हे डबे टाकून द्या. मी नवीन धाडतंय, ते लावून मास्क घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा."

रुक्मिणीने पेटीचं झाकण धाडकन लावलं. "शिरा पडो माझ्या हातार! मीच तुमका वीख घातलंय ओ!"

"गप गो. मेलंय काय मी?" लवू हसला. त्याला तिची कीव आली.

नवे डबे आले. डोकेदुखी गेली, उलट्या थांबल्या. लवू पुन्हा दिवसभर होडीत वाकून काम करू लागला आणि भाईंनी दुसऱ्या माणसाचं नाव काढलं नाही.

पण नवे डबे लावले त्या पहिल्याच संध्याकाळी घरी येऊन त्याने सवयीने मास्क पुढे केला. "घे गो."

रुक्मिणीने हात मागे घेतले. "नको. तुमीच ठेवा. माका माझ्या हातांचो भरवसो नाय."

लग्न झाल्यापासून घरातली एकूण एक वस्तू तिनेच ठेवली होती. घट्ट झाकणाचा डबा घरात कुठे असतो, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. मास्क हातात धरून तो तिच्यासमोर तसाच उभा राहिला.