अंथरुणातला चोर

मित्रांनो, मी एका हमालाचा जुना आकडा आहे. लोखंडाचा, पुढे वाकलेला, टोकाला तीक्ष्ण आणि मागे बाभळीची मूठ असलेला. पोत्यात रुतायचं, पोतं ओढायचं, थप्पीवर चढवायचं, एवढंच माझं काम. पुण्याच्या मार्केट यार्डात माझे भाऊबंद अजूनही पुष्कळ हातांत दिसतील. पण माझ्या हातून जे घडलं ते त्यांच्यापैकी कुणाच्या वाट्याला आलं नसावं. तेच आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म मार खाऊन झाला. मी आधी एका ट्रकचा तुटका पाटा होतो. लोहाराने मला भट्टीत लाल केलं, सांडशीत धरून ऐरणीवर ठेवलं आणि त्याची बायको घण घेऊन माझ्यावर तुटून पडली. "आजून दे," तो म्हणायचा, आणि ती द्यायची. मग मला पाण्यात बुडवलं, तेव्हा माझ्या अंगातून जो आवाज निघाला तोच माझा पहिला आवाज.

मला विकत घेतलं उत्तरेश्वरने. तो तेव्हा बार्शीकडून नुकताच आलेला तरुण गडी होता. भुसार बाजारात एका टोळीत त्याला काम मिळालं. गहू, तांदूळ, डाळ, साखर, सगळी पोती आम्ही दोघांनी वाहिली. टोळीत कुणी नवा आला की तो मला वर धरून दाखवायचा आणि सांगायचा, "ह्ये पोत्याला टोचायचं. आतल्या मालाला न्हाई, आन् माणसाला तर न्हाईच न्हाई."

हे त्याने एकदा करूनही दाखवलं. गाडी कुणी उतरवायची यावरून दोन टोळ्या भिडल्या. पोती फुटली, तांदळावर रक्त सांडलं. माझ्यासारख्याच एका आकड्याने एकाचा गाल ओठापर्यंत फाडला. उत्तरेश्वरच्या नाकावर ठोसा बसला तेव्हा त्याची मूठ माझ्यावर इतकी आवळली, की आता आपली पाळी आली असं मला वाटलं. पण त्याने मला ट्रकखाली भिरकावलं आणि मोकळ्या हाताने गर्दीत घुसून माणसं ओढून बाजूला केली. धान्य निवडणाऱ्या सोजरबाईने नंतर त्याचं तोंड धुतलं.

"नुसता मारच खाल्लास की रे," ती म्हणाली.

"खाल्ला. पण माझा आकडा कोरडा हाय," तो म्हणाला.

पोती शिवणाऱ्या हिराशी त्याचं लग्न झालं. बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला, अप्पर म्हणतात त्या वस्तीत, सोजरबाईच्या खोलीला लागून त्यांनी खोली घेतली. मध्ये पत्र्याची भिंत होती. त्यांना अपेक्षा नावाची मुलगी झाली. ती शिकली आणि बाणेरच्या एका कंपनीत नोकरीला लागली. उत्तरेश्वरने घरात कधी कुणावर हात उगारल्याचं मला आठवत नाही, आणि मी रोज त्याच्या पिशवीतून घरी जात असे.

मग एक उन्हाळ्याची सकाळ आली. तांदळाची गाडी लागली होती. मी त्याच्या उजव्या हातात होतो. अचानक त्याचा डावा हात पोत्यावरून सुटला. पोतं कलंडलं, तो पडला आणि पोतं त्याच्यावर आदळलं. लोकांनी ते बाजूला केलं तर तो हसत होता. पण हसू तोंडाच्या एकाच बाजूला होतं. दुसरी बाजू खाली लोंबत होती आणि तिच्यातून लाळ गळत होती.

"सकाळी सकाळी टाकून आला का रे?" मुकादम ओरडला आणि त्याने त्याच्या मांडीवर लाथ घातली.

कुणी म्हणालं, फिट आली आहे. एकाने त्याच्या नाकाला फोडलेला कांदा लावला, दुसऱ्याने चप्पल. तोंडावर पाणी मारलं. सोजरबाई एकटी म्हणत होती, "अरे, तोंड बघा त्याचं. दवाखान्यात न्या आधी." पण पडू द्या थोडं, येईल शुद्धीवर, असं म्हणत सगळ्यांनी त्याला सावलीत ठेवलं. हिरा निरोप मिळून येईपर्यंत दुपार झाली.

दवाखान्यात मी हिराच्या हातातल्या पिशवीत होतो. डॉक्टर तिला म्हणाले, "मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली आहे. लगेच आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं. आता ती वेळ गेली. जो भाग मेला तो परत येत नाही." हिराने पिशवी छातीशी धरली. माझं टोक तिला टोचलं असणार, पण तिला ते कळलं नाही.

उत्तरेश्वर घरी आला. हिराने मला त्याच्या खाटेजवळ खिळ्याला अडकवलं. "बरे झाले की लागंल," ती म्हणाली. मित्रांनो, तिने हे प्रेमापोटी केलं.

तो बरा झाला नाही. त्याचा डावा हात लुळा पडला होता आणि डावा पाय ओढत होता, पण त्याला विचाराल तर तो म्हणे, "मला काय झालंय? चांगला हाय की." ताटाच्या उजव्या बाजूची भाकरी खायचा आणि डाव्या बाजूची भाजी त्याला दिसायची नाही. डोळे चांगले होते, तरी दिसायची नाही. "भाजी कुठं हाय?" तो विचारायचा. हिरा बोटाने दाखवायची. तो ताट उचलून तिच्या तोंडावर फेकायचा. जेवून हात धुतला की लगेच म्हणायचा, "आज मला उपाशी ठिवलंय." बार्शीतला लहानपणचा ओढा त्याला दगडधोंड्यांसकट आठवायचा, आणि सकाळी येऊन गेलेली सोजरबाई आठवायची नाही.

आणि तो मारायचा. हिराचा ओठ फुटला. तिच्या डोक्यात तांब्या बसला. ज्या हाताने भांडणातही मला दूर फेकलं होतं, तोच हात आता पाणी उशिरा आलं म्हणून उठायचा. शेजारी म्हणाले, नाटकं करतो. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे. हिरा दार लावून घ्यायची.

ती दुपार मी विसरू शकत नाही. हिरा स्टोव्हपाशी होती. अपेक्षा सुट्टीवर होती आणि बाहेर ओट्यावर फोनवर बोलत होती. उत्तरेश्वर झोपेतून जागा झाला तेव्हा त्याचा डावा हात त्याच्याच छातीवर पडलेला होता.

"हिरे, माझ्या छातीवर कुणाचा तरी हात हाय."

"तुमचाच हाय," ती वळून न बघता म्हणाली.

"माझा न्हाई. माझा हात मला कळत न्हाई व्हय?"

त्याने तो हात ढकलला. तो घसरला आणि पुन्हा त्याच्या पोटावर आला. त्याने पुन्हा ढकलला. तो पुन्हा आला. उत्तरेश्वरच्या डोळ्यांत मी तेव्हा पहिल्यांदा भीती बघितली. "सोडंना मला," तो ओरडला. "चोर हाय अंथरुणात!" आणि उजव्या हाताने त्याने मला खिळ्यावरून ओढलं.

मित्रांनो, मी ताग ओळखतो. तागात शिरताना खर्र आवाज होतो आणि आत दाणे लागतात. त्या दुपारी आवाज झाला नाही. मी त्याच्या डाव्या पंजात शिरलो आणि हाडाला लागलो. हाताला संवेदनाच नव्हती, म्हणून तो थांबला नाही. पोतं ओढावं तसा तो स्वतःचा हात ओढू लागला. हिरा धावली आणि तिने त्याचं मनगट धरलं. त्याने मला उपसलं आणि फिरवलं. मी हिराच्या खांद्यात रुतलो. ती गुडघ्यांवर कोसळली.

अपेक्षा आत आली. "पप्पा, काय करताय! तो तुमचाच हात आहे!"

"तूबी त्यांच्यातलीच," तो म्हणाला आणि मला तिच्यावर उगारलं. तिची बाही टरकन फाटली. पुढचा वार चुकला नसता.

तेव्हा जमिनीवरून हिरा ओरडली. रडक्या आवाजात नाही, यार्डातल्या आवाजात. "पोतं लागलं थप्पीला, सोडा!"

थप्पीवर पोतं नीट बसलं की खालचा माणूस अशी हाळी देतो आणि वरचा आकडा सोडतो. उत्तरेश्वरने जन्मभर ती हाळी ऐकली होती. सकाळचं जेवण त्याच्या डोक्यात राहत नव्हतं, पण ही हाळी राहिली होती. त्याची बोटं उघडली. मी फरशीवर पडलो. तो खाटेच्या कडेला धापा टाकत बसला होता. जरा वेळाने त्याने विचारलं, "कुठल्या गाडीचं?"

अपेक्षाने मला ओढणीत गुंडाळून उचललं आणि शेजारी सोजरबाईच्या हातात दिलं. "मावशी, हा फेकून दे. नाहीतर मीच कुणाला तरी मारेन." सोजरबाईने मला धुतलं आणि पत्र्याखालच्या वाशात खोचून ठेवलं. तिथून मला भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि जे दिसत नव्हतं ते सोजरबाईच्या बोलण्यातून कळायचं.

उत्तरेश्वरच्या पंजाला आणि हिराच्या खांद्याला टाके पडले. परत आल्यावर अपेक्षा आईला म्हणाली, "मी त्यांना इथे ठेवू देणार नाही. आज खांदा, उद्या गळा. आपण सेफ नाही आहोत, आई."

"कुठं ठिवू?"

"कुठेही. ते आता पप्पा नाहीतच."

मग मला थोबाडीत मारल्याचा आवाज आला. हिराने मुलीला मारलं होतं.

पण भीती हिरालाही वाटत होतीच. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचा उजवा हात पोती शिवायच्या सुतळीने खाटेला बांधला. तो बैलासारखा हंबरायचा, सुतळी दाताने तोडायचा, हिराच्या बोटांना चावायचा. ती पुन्हा बांधायची. सुतळी कातडीत रुतली.

शेवटी सोजरबाईनेच दवाखान्यात जाऊन सांगितलं. तिथून आम्रपाली नावाच्या थेरपिस्ट बाई घरी आल्या. अशा रुग्णांना रोजची कामं पुन्हा शिकवणं हे त्यांचं काम. आल्या आल्या त्यांनी मनगट बघितलं.

"हे कुणी बांधलं?"

"मी," हिरा म्हणाली.

"किती वेळ बांधून ठेवता?"

"मला झोप लागंस्तोवर."

"आणि लागते झोप?"

"न्हाई."

आम्रपालीताईंनी सुतळी कापली. मग सगळ्यांना बाहेर ओट्यावर बसवून त्या म्हणाल्या, "डाव्या बाजूकडे लक्ष ठेवणारा त्यांच्या मेंदूतला भाग मेला आहे. हात त्यांना दिसतो, पण तो आपला आहे असं आतून कुणी सांगत नाही. तुमच्या अंथरुणात परका हात सापडला तर तुम्ही काय कराल?"

"आकडा घेईन," सोजरबाई म्हणाली.

"त्यांनीही तेच केलं. शिवाय रागाला आवर घालणारा भागही दुखावलाय. ते मुद्दाम करत नाहीत."

"मग मार आम्ही खायचा?" अपेक्षाने विचारलं.

"अजिबात नाही. हात उगारला की लांब सरकायचं. घरात टोकदार काही ठेवायचं नाही. रागासाठी डॉक्टरांकडून औषध घ्यायचं. आजारी आहेत म्हणून मार खाणं, हा काही उपचार नाही. आणि बांधून ठेवणं हासुद्धा नाही."

हिरा तेव्हा रडली. झटका आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच रडताना ऐकलं.

औषधं सुरू झाली. ताट उजवीकडे सरकवून वाढायचं, बोलताना हळूहळू त्याच्या डाव्या बाजूला जायचं, वाद घालायचा नाही, हे सगळे शिकले. तरी कधीकधी भांडं आदळल्याचा आवाज यायचाच. हिरा तेवढ्यापुरती सोजरबाईकडे येऊन बसायची.

एके दिवशी पट्टी सोडताना उत्तरेश्वरने आपल्या डाव्या पंजावरची जखम बघितली. जे घडलं त्यातलं त्याला काहीच आठवत नव्हतं.

"ह्या माणसाला कुणी मारलं?" त्याने विचारलं.

हिरा म्हणाली, "एक जण हुता. घाबरला हुता लई."

"लई मारलं रं तुला," तो हाताला म्हणाला. "दुखतं का?" मग त्याने हिराकडे खोबरेल तेल मागितलं. जखम भरल्यावर तो रोज त्या हाताला तेल लावू लागला, एकेक बोट धरून, पाहुण्याची सेवा करावी तसं. हिराने आम्रपालीताईंना विचारलं, हे थांबवू का. त्या म्हणाल्या, "छे, करू द्या. हात आखडणार नाही."

अशीच तेल लावता लावता त्याची बोटं एकदा मनगटावरून कोपरापर्यंत गेली, तिथून दंडावर, तिथून खांद्यावर. तो थांबला.

"हिरे, ह्यो माझ्याच खांद्याला लागलाय."

"व्हय."

"मंग मारणारा?"

"तुम्हीच," ती म्हणाली.

मग त्याचा हुंदका ऐकू आला. "आन् तुझ्या खांद्याला काय झालं?"

"पोतं लागलं," हिरा म्हणाली.

अपेक्षा तिथेच होती. ताट ठेवल्याचा आणि मग ते फरशीवरून सरकवल्याचा आवाज मी ऐकला. तिने भाजी वडिलांना दिसेल अशी उजवीकडे केली होती. दुसऱ्या दिवशी तो सगळं विसरला. त्याने पुन्हा विचारलं आणि हिराने पुन्हा तेच सांगितलं, त्याच्या हाताचं खरं आणि स्वतःच्या खांद्याचं खोटं.

पुढे तो भिंत धरून सोजरबाईच्या दारापर्यंत चालू लागला. एकदा उंबऱ्यात उभा राहून त्याने विचारलं, "माझा आकडा दिसला का गं? कामावर जायचंय."

"न्हाई बाबा," सोजरबाई म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने मला वाशातून काढलं आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकलं.

आता मी मोडक्या खिडक्यांखाली पडलो आहे. टोकावर गंज चढला आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला लवकर भट्टीत जाऊ द्या.

तुमच्याकडे माझं मागणं वेगळंच आहे. कुणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, हात गळाला, तर कांदा आणि चप्पल शोधत बसू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठा. त्यातून वाचलेला माणूस तुमच्या घरी परत आला आणि ओळखीचा वाटला नाही, तर त्याला सोडू नका, आणि त्याचा मारही खाऊ नका. जाणत्या माणसाला बोलवा. आणि त्याच्या हाताला लागेल असं माझ्यासारखं काही घरात ठेवू नका. आठवण म्हणून तर मुळीच नको.