सून खुर्चीवर, सासरा सतरंजीवर

हेमंतातली सकाळ होती. केशरकोवळी, दहिवरभिजली, गुऱ्हाळांच्या गोड धुरानं गंधाळलेली! गडहिंग्लजच्या वेशीबाहेर उसाचे तुरे रुपेरी, बांधावरचं गवत रुपेरी, कोळ्यांची जाळीसुद्धा रुपेरी. आणि त्या रुपेरी रानाच्या कडेला बायकांच्या आधारगृहाची एक बुटकी, हळदपिवळी भिंत.

त्या भिंतीआड सोळा जणी राहत. व्यथा सोळा, पण चूल एक. आणि भाकऱ्यांची थापथापही एकच, अखंड, मृदंगासारखी.

अंगणात सतरंजी अंथरली होती. सतरंजीसमोर एक खुर्ची.

हा इथला नियम. सासरचे न्यायला आले, की त्यांनी खाली बसायचं, बाईनं खुर्चीवर. आणि जायचं की राहायचं, ते तिनं, फक्त तिनं, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. अकरा वर्षांपूर्वी हे घर उभारताना प्रमिलाताईंनीच तो घालून दिला होता. मोर्च्यांत गर्जणाऱ्या, कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या झंझावाती प्रमिलाताई! पण बाईच्या निर्णयाची वेळ आली, की त्याही खांबाला टेकून मुक्या बसत. मुक्या! केवढी तपश्चर्या, तुम्हीच सांगा.

आज खुर्चीवर वैजयंता होती. बावीस वर्षांची, आठ दिवसांपूर्वी आलेली, उजव्या तळहाताला शुभ्र पट्टी. सासऱ्यांसमोर ती कधी पाटावरसुद्धा बसली नव्हती. पानाच्या टोकावर थेंब टेकतो ना, तशी ती खुर्चीच्या कडेला टेकली होती. आता निसटेल, आता निसटेल!

समोर नवरा, भैरू, मान खाली घालून. शेजारी सासरे, आप्पा; फेटा ताठ, मिशी त्याहून ताठ.

“सून खुर्चीवर आन् सासरा सतरंजीवर!” आप्पा हसले. “कलियुग आलं की वो ताई.”

“कलियुग नाही आप्पा, सतरंजी आलीय. नीट मांडी घाला.”

स्वयंपाकघरात कुणीतरी खुदकन हसलं.

आप्पांचं हसू मावळलं. “वैजू, ऊठ. गाडी दारात हाय.”

वैजयंतेचे ओठ हलले, मिटले. पुन्हा हलले, पुन्हा मिटले. तिचं एक पाऊल हळूच जमिनीकडे सरकलं. जणू तिच्या नकळत ते निघालंच होतं, त्या घराकडे, त्या चुलीकडे, त्या हातांकडे.

प्रमिलाताईंनी ते पाऊल पाहिलं. अकरा वर्षांचा बांध फुटला!

“ती येणार नाही!” त्या कडाडल्या. “तक्रार नोंदवू आम्ही! कायदा आहे, आम्ही आहोत, बघतेच कोण नेतं तिला!”

आप्पांच्या मिशीत हसू परतलं. सावकाश, दह्यासारखं घट्ट. “बघा. ताईच बोलतीया. आमची सून कुठं काय बोलतीया? तिला यायचंच हाय.”

प्रमिलाताईंचा चेहरा राखेसारखा झाला. हाय रे! जिचा आवाज जपायचा, तिच्याच आवाजावर आपण पाय दिला.

“ताई,” खुर्चीवरून आवाज आला. बारीक, थरथरता. “तुम्ही जरा गप बसा.”

मग ती सासऱ्यांकडे वळली.

“आप्पा, मी न्हाई येणार. ह्यांनी माझा हात तव्यावर दाबून धरला, तवा तुम्ही दारातच बसला हुतासा. उठा म्हणून मी वरडत हुते, तवा उठला न्हाईसा. आता मला ऊठ म्हणू नगा.”

एवढंच. पण तो आवाज वाक्यागणिक उजळत गेला होता. आधी पणती, मग पलिता, मग लखलखता वणवा! तिची पाठ खुर्चीला टेकली. पूर्ण टेकली.

आप्पांनी फेटा सावरला. भैरूची मान वर झाली नाहीच. दोघं उठले. गाडीचा आवाज उसाउसातून विरत, विरत, विरून गेला.

प्रमिलाताई सतरंजीवर, अगदी वैजयंतेच्या पायांशी येऊन बसल्या. “चुकले गं, बाई माझी.” वैजयंता रडता रडता हसली.

स्वयंपाकघरातून म्हातारी अनुसाबाई धावत आली, पिठाच्या हातांनी तशीच. तिनं फक्त वैजयंतेच्या खांद्यावर हात ठेवला, आणि उचलला.

गर्द निळ्या चोळीवर पाच बोटं उमटली होती. पाच बोटं, पिठाची, पांढरीशुभ्र, फुलासारखी हलकी, माणसाच्या हाताची, आणि तरीही न दुखणारी.