कोलूची टोपी

मी विद्यापीठात जर्मन शिकवते आणि मी खोटारडी आहे. दुसरी गोष्ट सहा वर्षं फक्त मलाच ठाऊक होती.

भामरागडच्या नदीकाठच्या गावांवर मी जर्मनमध्ये प्रबंध लिहिला. शेवटची मुलाखत राहिली आणि पुरानं रस्ता बंद झाला. एटापल्लीच्या लॉजवर आठ दिवस डास मारत बसले आणि नवव्या दिवशी कोलू नावाचा म्हातारा नावाडी मनानंच रचला. पावसात डोंगा हाकताना त्याचे कान गार पडतात, असंही लिहून टाकलं. मी नागभीडची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. असा म्हातारा कसा बोलेल हे मला कोण शिकवणार! अख्ख्या प्रबंधात परीक्षकांना तोच आवडला. नोकरीही त्याच्याच जोरावर लागली.

यंदा हिवाळ्यात जर्मनीहून एक प्राध्यापिका आल्या. त्या दरवर्षी वर्गात कोलू शिकवतात म्हणे. विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी लाल लोकरीची टोपी विणून पाठवली होती. माझी पाचावर धारण बसली. "कोलू गेला," असं सांगून मी मोकळी झाले.

मॅडमचे डोळे भरून आले. "मग त्याचा दगड तरी दाखव," त्या म्हणाल्या. माडिया लोक मेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात, हे मीच प्रबंधात लिहिलं होतं. आता कुठे पळणार?

मॅडमना घेऊन भामरागडकडच्या एका गावी गेले. गावाबाहेर वीसेक दगड होते. मी त्यातल्या एकाकडे बोट दाखवलं. मॅडमनी दगडाला टोपी घातली आणि हात जोडून उभ्या राहिल्या. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

तेवढ्यात मोहाच्या झाडाखालून एक म्हातारी लगबगीनं आली. सोमारी तिचं नाव. दगड तिच्या नवऱ्याचा होता.

"माह्या माणसाले ओळखत होत्या का तुमी?" तिनं मला विचारलं. "तो मेला तवा पूर होता. पोरीले येता आलं नाई, कोणीच आलं नाई. तुमी एवढ्या दुरून आल्या, बाई!" ती टोपीवरून हात फिरवत होती. "काय बोले तो तुमच्यासंग? सांगा ना."

"काय म्हणते ती?" मॅडमनी जर्मनमध्ये विचारलं.

दोघींच्या मधे दुभाषी मीच. हो म्हटलं असतं तर दोघी खूश आणि नोकरी शाबूत. तिच्या नवऱ्याची दोन वाक्यं रचणं मला काय अवघड? ती जिभेवर आलीही होती, आणि त्याचीच मला किळस आली.

"बाई, मी त्याले कधी पाह्यलंच नाई," मी म्हटलं. "मी खोटं बोलली."

सोमारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं टोपी काढली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"मंग हे टोपी कोणाची आहे?"

"कोणाचीच नाई."

मॅडम अजून उत्तराची वाट पाहत होत्या. मी टोपी त्यांच्यापुढे धरली.

"मॅडम, कोलू मेला नाही," मी जर्मनमध्ये म्हटलं. "तो कधी नव्हताच."