चन्नम्मा आजींचा एक्स-रे

अक्कलकोटच्या चन्नम्मा आजींनी छातीचा एक्स-रे काढू दिला नाही, म्हणून नव्या डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, ‘पेशंट हट्टी.’ मी या दवाखान्यात वीस वर्षं नर्स आहे. असले शेरे वाचले की माझं डोकं फिरतं.

मी आजींजवळ बसले. “का नको म्हणता?”

आजी लिंगायत; गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी त्यांनी घट्ट धरली. “दीक्षा झाल्यापासनं अंगावेगळी केली न्हाय. हे डाक्टर म्हनतात, काढून टेबलावर ठेवा.”

“टेबलावर कशाला? गळ्यातनं काढून मुठीत धरा की.”

आजी लगेच उठून मशीनपुढे उभ्या राहिल्या. दोन मिनिटांत एक्स-रे निघाला.

डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, काय केलंत?”

“विचारलं,” मी म्हटलं, आणि ‘हट्टी’ खोडायला त्यांच्याच हातात पेन दिलं.