गणपतकाकांनी लावलेली खळ

मित्रांनो, नवा होतो तेव्हा मी पिवळाधमक होतो. आता माझा रंग विचारू नका, मी एक जुना दोर आहे. गिरगाव चौपाटीवर मला एका मोटरबोटीच्या मागे बांधायचे. माझ्या टोकाला दांडी होती. पायांत फळी अडकवून, ती दांडी घट्ट धरून माणूस पाण्यावर उभा राहायचा आणि बोट त्याला भरधाव ओढत न्यायची. या खेळाला वेकबोर्डिंग म्हणतात. टाळ्या मिळायच्या त्या फळीवरच्या माणसाला. माझ्याकडे कोण बघतो! पण खरं सांगतो, बोटीने हिसका दिला की सगळा ताण माझ्याच अंगावर यायचा.

माझी देखभाल गणपतकाका करायचे. ते लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. संप झाला, त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. बरीच वर्षं इकडेतिकडे खपून ते चौपाटीवर आले. रोज संध्याकाळी ते मला गोड्या पाण्याने धुवायचे आणि सैल वेटोळं करून सावलीत टांगायचे. फळीचे बूट पुसायचे, लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून बघायचे. "खारं पाणी लय वाईट, बाबा," असं माझ्याशीच बोलायचे. मला फार बरं वाटायचं.

एकदा काका तापाने घरी पडले. त्या दिवसांत मला कोणी धुतलं नाही. तसंच ओलं बोटीच्या लोखंडी कडेवर टाकून दिलं. उन्हाने मी कडक झालो आणि कडेला घासून माझे बरेच पेड तुटले.

काका परत आले. मला हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. बोटीचा मालक गावी गेला होता, तो आल्याशिवाय नवा दोर मिळणार नव्हता. तोवर फेऱ्या बंद ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. पण 'बंद' हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. बंद म्हटलं की त्यांना गिरणीचं कुलूप लावलेलं फाटक दिसायचं. मग त्यांनी साच्यावर वर्षानुवर्षं केलं तेच केलं. तुटलेले धागे बारीक गाठींनी एकेक करून जोडले आणि वर गिरणीत सुताला लावतात तशी पेजेची चिकट खळ चोपडली. वाळल्यावर मी इतका गुळगुळीत दिसू लागलो, की बोट चालवणारा चिंतामणी म्हणाला, "काका, एकदम नवा केलात की!"

काका हसले नाहीत. आणि मी? अहो, कापडाच्या धाग्याला कोणी माणूस लोंबकळत नाही! मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजची पोरं आली. पाणी बघून सगळ्यांचीच तंतरली. तेवढ्यात काकांची मुलगी मालन त्यांचा डबा घेऊन आली. ती इथेच हा खेळ शिकली होती.

"मालन, एक फेरी मारून दाखव यांना," चिंतामणी म्हणाला. काका तेव्हा खोलीत जॅकेटं काढत होते.

बोट सुटली. पाण्याने खळ विरघळू लागली. एक गाठ सुटली, मग दुसरी. मालन हसत होती आणि मी भीतीने अर्धमेला झालो होतो. पुढे वळण होतं. बोट वळली की मालन बाहेरच्या अंगाला झोकली जाणार, आणि तिकडे किनाऱ्याचे सिमेंटचे ठोकळे आ वासून पडलेले. तिथे मी तुटलो तर ही पोर त्यांच्यावरच आदळणार!

तोच खोलीतून बाहेर आलेल्या काकांनी फळीवर मालनला पाहिलं आणि ते कपड्यांसकट पाण्यात धावले. अंगातला सदरा काढून गरागरा फिरवत ओरडले, "बंद कर! चिंतामणी, बोट बंद कर रे!"

चिंतामणीने इंजिन बंद केलं. मी सैल पडलो. मालन पाण्यात बसली आणि पोहत काठाला आली.

काकांनी मला दोन्ही हातांनी ताणलं. सगळा जोड त्यांच्या हातातच उसवला. धड असा एकच पेड उरला होता. काका मटकन वाळूत बसले. "वाचलीस गो बाय," म्हणाले आणि रडू लागले.

मालनने तो चिकट जोड चाचपला. गिरणीवाल्याची लेक ती, खळ तिने लगेच ओळखली. ती हळूच म्हणाली, "आप्पा, माझ्या जागी दुसरी कोणी असती, तर ओरडला असता?"

काकांनी डोळे पुसले. मग ते उठले, पोरांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फेऱ्या बंद. दोर खराब आहे."

मित्रांनो, आता माझ्या तुकड्यांवर जॅकेटं वाळत घालतात. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. आम्हाला धुवा, सुकवा, आणि झिजलो तर झिजलो म्हणून सांगा. उद्या आम्हाला कोण धरणार, हे आज कुणालाच ठाऊक नसतं.